लहान पल्ल्याचा वैमानिक

वैमानिक हा शब्द उच्चारला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक मूर्ति उभी राहते. कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर सोनेरी पट्टे, हातांत लहानशी पेटी, आज लंडन तर परवां सिंगापूर, आणि महिन्याकांठीं इतरांस हेवा वाटावा असा पगार. ही मूर्ति सर्वस्वी खोटी आहे असें नाहीं. मोठ्या कंपनीच्या विमानांतून महासागर ओलांडणाऱ्या कॅप्टनास ती बऱ्याच अंशीं लागू पडते. परंतु आकाशांत दिसणारीं पुष्कळशीं विमानें महासागर ओलांडीत नाहींत. लहान शहरांतून पन्नास-पाऊणशें प्रवासी उचलावेत, तासा-दीड तासांत त्यांस एखाद्या मोठ्या विमानतळावर आणून सोडावें, आणि लगेच दुसऱ्या गांवाकडे वळावें, हा त्यांचा नित्यक्रम. या विमानांच्या पुढल्या खोलींत बसणाऱ्या तरुण-तरुणींस वेतन किती मिळतें, तीं विश्रांति केव्हां व कोठें घेतात, आणि या गोष्टींचा पाठीमागें बसलेल्या प्रवाशांशीं काय संबंध आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण त्यासाठीं घेणें सोयीचें पडेल; कारण तेथें या प्रश्नाची जाहीर चौकशी झाली, साक्षीपुरावे छापले गेले आणि त्यांतून कायदाही निर्माण झाला.

वैमानिकाचें वेतन हा केवळ मालक आणि नोकर यांच्यामधील घरगुती प्रश्न नव्हे, ही जाणीव त्या देशाला नवी नाहीं. इ. स. १९३१ सालीं डेव्हिड बेंकी नांवाच्या वैमानिकाच्या पुढाकारानें वैमानिकांचा संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत शिकागोच्या सेंच्युरी एअर लाइन्स या कंपनीनें वैमानिकांचें वेतन एकदम खालीं आणण्याचा घाट घातला आणि संघाचा व कंपनीचा उघड झगडा जुंपला. १९३४ मध्यें राष्ट्रीय मजूर मंडळानें जो निवाडा दिला, तो 'निर्णय क्रमांक ८३' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानें दोन गोष्टी केल्या. कांहीं मूळ वेतन, कांहीं उड्डाणाच्या तासांवर आणि कांहीं कापलेल्या अंतरावर, अशी मोबदल्याची रीत घालून दिली. आणि कोणाही वैमानिकानें महिन्याला ८५ तासांहून अधिक उडूं नये अशी मर्यादा ठरविली. १९३८ च्या विमान-वाहतूक कायद्यानें हा निर्णय पाळणें कंपन्यांस बंधनकारक केलें. वेतन आणि विश्रांति हे दोन विषय तेव्हां एकाच कागदावर लिहिले गेले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें त्यांची ताटातूट झाली, आणि सारा अनर्थ तेथून सुरू झाला.

पुढील चाळीस वर्षें कोणत्या कंपनीनें कोणत्या मार्गावर जावें आणि भाडें काय आकारावें हें सरकार ठरवीत असे. १९७८ सालीं हें नियंत्रण उठविणारा कायदा झाला. स्पर्धा वाढली, भाडीं उतरलीं, आणि ज्यांनीं कधीं विमानांत पाऊल ठेवलें नव्हतें असे लाखों लोक विमानानें जाऊं लागले. हा लाभ खरा होता आणि तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु स्वस्ताईचा हिशेब कोठें तरी जुळवावा लागतो. मोठ्या कंपन्यांनीं आपलीं विमानें थोड्या मध्यवर्ती विमानतळांवर एकत्र केलीं, आणि चाकाच्या तुंब्यापासून आरे निघावेत तसे तेथून लहान शहरांकडे जाणारे मार्ग लहान प्रादेशिक कंपन्यांच्या हवालीं केले. २००९ च्या सुमारास देशांतर्गत ठरलेल्या उड्डाणांपैकीं जवळजवळ निम्मीं उड्डाणें अशा कंपन्या करीत होत्या.

प्रवाशास याची सहसा कल्पना नसे. तिकिटावर नांव मोठ्या कंपनीचें, विमानाच्या अंगावर रंग मोठ्या कंपनीचे, चहाच्या पेल्यावर मुद्रा तिचीच. वैमानिक ज्या कंपनीचा नोकर, तिचें नांव मात्र कोठें तरी बारीक अक्षरांत. दोहोंमधील करार साधारणपणें असा असतो. तिकिटें मोठी कंपनी विकते, इंधनाचा खर्च बहुधा तीच सोसते, आणि लहान कंपनीस उड्डाणामागें ठराविक रक्कम देते. विमानाचें भाडें, दुरुस्ती, विमा हे खर्च फारसे हलत नाहींत. तेव्हां लहान कंपनीच्या चालकांस कात्री लावण्याजोगें एकच खातें उरतें, तें नोकरांच्या पगाराचें. शिवाय हा करार मुदतीचा असतो. मुदत भरली कीं जी कंपनी कमी दर सांगेल तिच्या पदरांत काम पडण्याचा संभव अधिक. जुन्या कंपनींत जुने नोकर, जुन्या नोकरांस वरच्या श्रेणीचें वेतन, म्हणून तिचा दर चढा. नव्या कंपनींत सगळेच नवे, म्हणून तिचा दर उतरता. अनुभव हा कोणत्याही धंद्यांत गुण समजला जातो. येथें तो बाजारांत तोट्याचा ठरला.

आतां वेतन मोजण्याची रीत पाहावी. घड्याळ सुरू होतें तें विमान फाटकापासून हललें म्हणजे, आणि थांबतें तें पुढच्या फाटकाशीं विमान उभें राहिलें म्हणजे. हवामानाचे कागद वाचणें, विमानाभोंवतीं फिरून तपासणी करणें, दोन उड्डाणांच्या मधली खोळंब्याची वेळ, धुक्यामुळें विमानतळावर बसून काढलेले तास, हीं सर्व कामांतच मोडत असलीं तरी तासांच्या दरांत मोजलीं जात नसत. त्यांसाठीं खाण्यापिण्याचा थोडासा भत्ता काय तो मिळे. लांब पल्ल्याचा वैमानिक एकदां उडाला कीं आठ-आठ तास त्याचें घड्याळ चालूं राहतें. लहान पल्ल्याच्या वैमानिकास दिवसांतून चार, पांच, कधीं सहा वेळां उतरावें लागतें. बारा-तेरा तास गणवेश अंगावर असतां मोबदला सहा-सात तासांचाच, असा प्रकार त्याच्या वांट्यास वारंवार येतो.

या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रादेशिक कंपनींतील पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर तासाला वीस ते पंचवीस डॉलरच्या आंतबाहेर असे. ऐकणारास तो बरा वाटेल. पण कंपनी महिन्याला हमी देई ती साधारण ७५ तासांची. तासाला २२ डॉलर धरले तर महिन्याचे १,६५० आणि वर्षाचे १९,८०० डॉलर होतात. यांतून कर, गणवेश आणि विमा वजा. शिवाय विमान चालविण्याचें शिक्षण बहुतेकांनीं कर्ज काढून घेतलेलें. आजच्या हिशेबानें तो खर्च एक लाख डॉलरच्या आसपास जातो. तेव्हांही तो मध्यम स्थितींतल्या कुटुंबास पेलण्यासारखा नव्हता. अशा तरुणाचें पहिल्या वर्षाचें वेतन दुकानांत माल विकणाऱ्या मुलाच्या वेतनाहून फारसें निराळें नसे.

मग इतक्या अल्प वेतनावर शहाणीं माणसें राहत कां? याचें उत्तर या धंद्याच्या ज्येष्ठतेच्या पद्धतींत आहे. वैमानिकाचें वेतन, त्याचे मार्ग, त्याची सुट्टी, त्याची बढती, हें सर्व तो त्या कंपनींत कोणत्या तारखेस लागला यावर ठरतें. कंपनी बदलली कीं मागची नोकरी पुसली जाते. पंधरा वर्षें कॅप्टन म्हणून काम केलेला मनुष्य दुसऱ्या कंपनींत गेला तर तेथील यादीच्या अगदीं तळाशीं त्याचें नांव लागतें. म्हणून वेतन वाढवून मागण्यासाठीं नोकरी सोडण्याचें जें हत्यार इतर कारागिरांच्या हातीं असतें, तें याच्या हातीं नसतें. त्याची सारी दृष्टि एका गोष्टीकडे लागलेली असते: लहान कंपनींत उड्डाणाचे तास जमवावेत आणि एक दिवस मोठ्या कंपनीच्या यादींत नांव जावें. ही उमेदवारी एक-दोन वर्षांत संपली तर ठीक. परंतु २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यानंतर मोठ्या कंपन्यांनीं नोकरभरती आंखडती घेतली, अनेक कंपन्यांनीं दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आसरा घेतला, आणि २००७ च्या अखेरीस निवृत्तीचें वय साठावरून पासष्टावर गेल्यानें वरच्या जागा आणखी पांच वर्षें अडून राहिल्या. तात्पुरती म्हणून पत्करलेली गरिबी अनेकांच्या आयुष्यांत मुक्कामास आली.

वेतनाच्या पाठोपाठ निवाऱ्याचा प्रश्न येतो. कंपनी वैमानिकास एखादें ठाणें नेमून देते. त्याची कामगिरी तेथून सुरू होते. हीं ठाणीं बहुधा न्यू यॉर्कसारख्या महागड्या नगरांच्या शेजारीं असतात. तेथें बिऱ्हाड करणें परवडत नाहीं. केलें तरी कंपनी सहा महिन्यांत ठाणें बदलणार नाहीं याची शाश्वती नसते. म्हणून वैमानिक आपल्या गांवींच राहतो आणि कामावर जाण्यासाठीं दुसऱ्या विमानांतील रिकाम्या आसनावर फुकट बसून शेंकडों मैल येतो. जवळ चार पैसे असतील तर ठाण्याजवळ सात-आठ जणांत मिळून एक खोली भाड्यानें घेतो. तींत एकावर एक अशा खाटा मांडलेल्या असतात. तेवढेही नसतील तर विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलींतली खुर्ची हाच त्याचा पलंग. या प्रवासास कंपनीच्या दप्तरीं काम म्हणून स्थान नाहीं. कागदोपत्रीं तो मनुष्य त्या वेळीं विश्रांति घेत असतो.

ही स्थिति वर्षानुवर्षें धंद्यांतल्या सर्वांस ठाऊक होती. बाहेरच्या जगाला ती कळली ती एका रात्रीमुळें.

१२ फेब्रुवारी २००९ रोजीं रात्रीं ९ वाजून १८ मिनिटांनीं न्यूअर्कच्या विमानतळावरून ३४०७ क्रमांकाचें विमान बफेलो शहराकडे उडालें. तिकिटावर नांव काँटिनेंटल या मोठ्या कंपनीचें होतें. विमान चालवीत होती ती कोलगन एअर ही लहान कंपनी. सोसाट्याच्या वाऱ्यामुळें त्या दोन्ही वैमानिकांचीं दिवसाचीं आधींचीं उड्डाणें रद्द झालीं होतीं आणि हें उड्डाणही बरेंच रखडलें होतें. आंत ४५ प्रवासी, दोन वैमानिक आणि दोन परिचारक होते. बफेलोजवळ उतरण्याच्या तयारींत असतां विमानाचा वेग मर्यादेखालीं घसरूं लागला. अशा वेळीं वैमानिकाच्या हातांतील दांडी आपोआप थरथरूं लागते. पंखांचा हवेचा आधार आतां सुटणार, नाक खालीं करून वेग वाढवा, असा त्या थरथरीचा अर्थ. कॅप्टननें दांडी पुढें ढकलण्याऐवजीं मागें ओढली. सहवैमानिकेनें, त्यानें न सांगतां, पंखांच्या मागील झडपा आंत घेतल्या. अर्ध्या मिनिटाच्या आंत विमान क्लॅरेन्स सेंटर या गांवांत एका घरावर कोसळलें. विमानांतील ४९ आणि घरांतील एक, अशा ५० माणसांचे प्राण गेले.

चौकशीचें काम राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे गेलें. मे महिन्यांत मंडळानें जाहीर सुनावणी घेतली, आणि त्या तीन दिवसांत जें बाहेर आलें त्यानें वृत्तपत्रें वाचणारा सारा देश अस्वस्थ झाला. सहवैमानिका २४ वर्षांची होती. ती सिॲटलजवळ राहत असे. तिचें ठाणें मात्र देशाच्या दुसऱ्या टोकास, न्यूअर्कला. ११ तारखेच्या संध्याकाळीं ती सिॲटलहून एका मालवाहू विमानांत बसली, वाटेंत मेंफिस येथें विमान बदललें, आणि १२ तारखेस सकाळीं साडेसहाच्या सुमारास न्यूअर्कला उतरली. अंथरुणावर पाठ अशी तिनें टेंकलीच नव्हती. तिला पडसें झालेलें होतें. कॅप्टनचें घर फ्लॉरिडांत. त्यानें ती रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलींत काढली होती, आणि पहाटे ३ वाजून १० मिनिटांनीं तो कंपनीच्या संगणकावर आपलें वेळापत्रक पाहत होता अशी नोंद सांपडली. त्या खोलींत रात्रीं झोंपण्यास कंपनीची मनाई होती. पण झोंपावें कोठें याचें उत्तर त्या मनाईंत नव्हतें.

वेतनाचा प्रश्नही सुनावणींत निघाला. त्या सहवैमानिकेचें वार्षिक वेतन सुमारें १६,००० डॉलर असल्याचें सांगण्यांत आलें. कंपनीच्या वतीनें असें सांगितलें गेलें कीं, त्या जातीच्या विमानावरील सहवैमानिकास साधारणपणें २४,००० व कॅप्टनास ६७,००० डॉलर पडतात. कोणताही आकडा धरला तरी न्यू यॉर्कच्या परिसरांत त्या मुलीला स्वतंत्र खोली परवडली नसती. आणि ती कांहीं एकटीच तशी नव्हती. न्यूअर्कच्या ठाण्यावरील कंपनीच्या १३७ वैमानिकांपैकीं ९३ जण परगांवाहून येत. त्यांतील ४९ जणांचें घर ४०० मैलांहून दूर, आणि २९ जणांचें तर हजार मैलांहून दूर होतें.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपघात कमी पगारामुळें झाला असा निष्कर्ष मंडळानें काढला नाहीं. २ फेब्रुवारी २०१० रोजीं मंडळानें अहवाल मान्य केला. दांडीच्या थरथरीस कॅप्टननें चुकीचें उत्तर दिलें हें मुख्य कारण. वेगाकडे दोघांचें दुर्लक्ष, उतरण्याच्या नाजूक वेळीं चाललेल्या इतर गप्पा आणि कंपनीच्या अपुऱ्या कार्यपद्धति हीं साहाय्यक कारणें. कॅप्टन पूर्वीं कांहीं परीक्षांत अनुत्तीर्ण झाला होता आणि त्यांपैकीं सर्वांची माहिती कंपनीस नव्हती, हेंही उघडकीस आलें. थकव्याविषयीं मंडळानें म्हटलें कीं, दोघांच्या कामावर त्याचा परिणाम झाला असावा, पण तो किती हें निश्चित ठरवितां येत नाहीं. अध्यक्षा डेबोरा हर्समन यांस हें पुरेसें वाटलें नाहीं. थकव्याची गणना साहाय्यक कारणांत व्हावी असें मत त्यांनीं स्वतंत्रपणें नोंदविलें.

या मतभेदांतच प्रश्नाचें मर्म आहे. तुटलेला खिळा हातांत धरून दाखवितां येतो. थकवा दाखवितां येत नाहीं. झोंपेविना रात्र काढलेल्या मनुष्याची चूक आणि ताज्या मनुष्याची चूक यांवर निरनिराळे शिक्के नसतात. म्हणून प्रत्येक अपघातांत दोष शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या माथीं येतो, आणि त्या हाताला तेथपर्यंत कोणी व कसें आणलें हा प्रश्न बाजूस राहतो.

त्याच महिन्यांत आणखी एक साक्ष झाली होती. १५ जानेवारी २००९ रोजीं ज्यानें बंद पडलेल्या यंत्रांचें विमान न्यू यॉर्कजवळ हडसन नदींत उतरवून १५५ जणांचे प्राण वांचविले, तो कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर २४ फेब्रुवारीस काँग्रेसच्या समितीपुढें उभा राहिला. देश त्याचा जयजयकार करीत होता. त्यानें समितीस सांगितलें तें हें कीं, गेल्या कांहीं वर्षांत त्याचें वेतन ४० टक्क्यांनीं कापलें गेलें, निवृत्तिवेतन बुडालें, आणि आपल्या मुलांनीं हाच धंदा करावा असें म्हणणारा एकही वैमानिक त्याच्या ओळखीचा नाहीं. मोठ्या कंपनीच्या नामांकित कॅप्टनची ही कथा, तर लहान कंपनीच्या उमेदवाराची काय असेल हें सांगण्याची त्यास गरज पडली नाहीं.

अपघातांत मेलेल्यांच्या नातलगांनीं मात्र शोक करून स्वस्थ बसण्याचें नाकारलें. ते पुनःपुन्हां वॉशिंग्टनला गेले, प्रतिनिधींचीं दारें ठोठावीत राहिले, आणि समित्यांच्या बैठकींत छायाचित्रें हातीं घेऊन बसले. १ ऑगस्ट २०१० रोजीं नवा सुरक्षा-कायदा झाला. त्यान्वयें सहवैमानिकासही १,५०० तासांच्या उड्डाणाची वरिष्ठ परवानगी आवश्यक झाली. पूर्वीं २५० तास पुरत असत. सैन्यांतून आलेल्यांस आणि विमानविद्येची पदवी घेतलेल्यांस कांहीं सवलत ठेवण्यांत आली. हा नियम २०१३ च्या ऑगस्टपासून अंमलांत आला. जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम आले: कामगिरीपूर्वीं सलग दहा तासांची सुट्टी, आणि तींत आठ तासांची अखंड झोंप मिळण्याची संधि. त्यापूर्वीं ही सुट्टी आठ तासांपर्यंत खालीं येऊं शकत असे, आणि हॉटेलांत जाणें-येणें, जेवण, अंघोळ हें सर्व त्या आठांतच उरकावें लागे. पहाटे सुरू होणाऱ्या आणि वारंवार उतरण्याच्या कामगिरीस कमी तासांची मर्यादा, हेंही नव्या नियमांत होतें. मालवाहू विमानांचे वैमानिक मात्र त्यांतून वगळले गेले. जणूं त्यांस झोंप कमी लागते.

कायद्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. त्या रात्रींच्या दोन्ही वैमानिकांजवळ १,५०० हून अधिक तास होतेच. मग तासांची अट घालून काय साधलें, असें टीकाकार विचारीत. दुसरी गोष्ट अशी कीं, वेतन किती असावें याविषयीं कायद्यानें कांहींच ठरविलें नाहीं. परंतु जें कायद्यानें केलें नाहीं तें कायद्याच्या परिणामानें घडून आलें. पंधराशें तास जमविण्यास आणखी दोन वर्षें लागूं लागलीं. वीस हजार डॉलरच्या नोकरीसाठीं इतका काळ व इतकें कर्ज अंगावर घेणारे तरुण मिळेनासे झाले. वर्षानुवर्षें न आटणारा वाटलेला उमेदवारांचा झरा एकाएकीं आटला.

मग लहान कंपन्यांचा कस लागला. कोलगनचा कारभार २०१२ सालींच बंद पडला होता. वायोमिंगमधील ग्रेट लेक्स या कंपनीनें २०१४ मध्यें आपल्या १९ आसनांच्या विमानांतील दहा आसनें काढून टाकलीं. कारण नऊ आसनांच्या विमानास जुनी, सौम्य अट लागू होती आणि कमी तासांचा सहवैमानिक चालत होता. तरीही २६ मार्च २०१८ रोजीं तिला नियमित उड्डाणें थांबवावीं लागलीं. रिपब्लिक या पुष्कळ मोठ्या प्रादेशिक कंपनीनें फेब्रुवारी २०१६ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हां वैमानिकांचा तुटवडा हें एक कारण दिलें. २०२० च्या साथींत मोठ्या कंपन्यांनीं आपल्या ज्येष्ठ वैमानिकांस मुदतीपूर्वींच निवृत्त केलें, आणि साथ ओसरतांच त्या जागा भरण्यासाठीं लहान कंपन्यांतून माणसें ओढून घेतलीं. मार्च २०२२ मध्यें स्कायवेस्ट कंपनीनें २९ लहान गांवांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें, जें दहा वर्षांपूर्वीं अशक्य म्हणून सांगितलें जात होतें तें झालें. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमॉंट, एन्व्हॉय आणि पीएसए या कंपन्यांनीं पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरवर नेला.

या घटनेंतून कोणता बोध घ्यावा? अधिक वेतन देणें परवडत नाहीं हें कंपन्यांचें म्हणणें पूर्वीं सर्वस्वी खोटें नव्हतें. त्यांच्यापुरतें पाहिलें तर करारच तसे होते. परंतु करार म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. माणसें मिळेनाशीं होतांच मोठ्या कंपन्यांस वाढीव दर मोजणें शक्य झालें. म्हणजे पैसा नव्हता असें नाहीं. तो देण्याची निकड नव्हती. आणि याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करूं नये. वेतन वाढलें तशीं कांहीं लहान गांवें विमानसेवेस मुकलीं. तेथील रुग्णास, विद्यार्थ्यास, व्यापाऱ्यास आतां तास-दोन तास मोटारींतून जावें लागतें. सेवा स्वस्त होती तेव्हां तिचा कांहीं भाग एक तरुण आपल्या झोंपेंतून आणि कर्जांतून भरीत होता, हें त्या गांवांस तेव्हां कळलें नव्हतें, इतकेंच.

नव्या नियमांनंतर अमेरिकेंतील प्रवासी कंपन्यांचा तसा मोठा अपघात दीर्घ काळ झाला नाहीं. २९ जानेवारी २०२५ रोजीं वॉशिंग्टनजवळ पीएसए कंपनीचें विमान आणि सैन्याचें हेलिकॉप्टर यांची हवेंत टक्कर होऊन ६७ जण मृत्यु पावले, तोंपर्यंत हा खंड टिकला. या सुरक्षिततेचें श्रेय एकट्या विश्रांतीच्या नियमांस देणें योग्य होणार नाहीं. शिक्षण सुधारलें, यंत्रें सुधारलीं, माहितीची देवघेव वाढली. पण थकवा ही गणनेंत धरण्याची गोष्ट आहे हें एकदां मान्य झालें, तें पुन्हां मागें गेलें नाहीं.

हा सारा इतिहास परदेशचा असला तरी त्याचें प्रयोजन येथेंही आहे. भारतांत लहान शहरांस विमानानें जोडण्याची उडान योजना २०१६ सालीं आंखली गेली. तिचीं पहिलीं उड्डाणें २७ एप्रिल २०१७ रोजीं निघालीं, आणि त्यांत नांदेड ते हैदराबाद हा मार्ग होता. महाराष्ट्रांतील मध्यम शहरांचे प्रवासी तेव्हांपासून अशाच लहान पल्ल्याच्या विमानांत बसूं लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्यें नागरी विमान-वाहतूक संचालनालयानें वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रींच्या उतरणींवर कडक मर्यादा घातली. कंपन्यांनीं मुदत मागितली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांनीं नियम लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यांत इंडिगो या देशांतील सर्वांत मोठ्या कंपनीचीं उड्डाणें हजारोंनीं रद्द झालीं. मुंबई आणि पुणें येथें प्रवासी तिष्ठत राहिले, आणि सरकारला त्या कंपनीस कांहीं काळ सूट द्यावी लागली. पुरेशी झोंप देण्याचा नियम पाळतांच वेळापत्रक कोसळलें, याचा अर्थ श्रोत्यांनींच लावावा.

त्या गर्दींत अडकलेल्या प्रवाशाचा संताप समजण्यासारखा होता. कोणाचें लग्न चुकलें, कोणाची परीक्षा. परंतु त्या संतापाचा रोख विश्रांतीच्या नियमाकडे वळला, तर तो अस्थानीं ठरेल. बफेलोच्या त्या विमानांत बसलेल्या ४५ जणांसही आपण वेळेवर पोंचावें असेंच वाटत होतें. पुढें बसलेली मुलगी रात्रभर झोंपलेली नाहीं हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें, आणि तें विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे हें त्यांस ठाऊकही नव्हतें. वैमानिकानें काल रात्रीं कोठें आणि किती झोंप घेतली, त्याला मिळणाऱ्या वेतनांत ठाण्याजवळ राहणें परवडतें काय, हे प्रश्न कंपनीच्या हिशेबनिसाइतकेच प्रवाशाचेही आहेत. १९३४ च्या त्या जुन्या निवाड्यानें हे दोन विषय एका कागदावर आणले होते. ते पुन्हां एका कागदावर आणण्यासाठीं पन्नास माणसांचे प्राण खर्ची पडावे लागले. दुसऱ्या कोणत्याही देशानें तो धडा त्याच किंमतीस विकत घेण्याचें कारण नाहीं.